परदेशाची रंगीत तालीम

कल्पना ठकीच्या बाबाची, असं ठकीची आई पुढं बरेच दिवस सांगत राहिली. सांगताना तिला मनातून पक्कं ठाऊक असायचं की सुरुवात तिच्याच तोंडून झाली होती.

ठकीचा बाबा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. साधी कुंडी घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालणारा माणूस. परदेशातल्या एका कंपनीनं त्याला नोकरी देऊ केली, तेव्हापासून त्याच्या अंगात जणू वारं शिरलं. रोज जेवणं झाली की तो लॅपटॉप उघडायचा आणि दोन शहरं समोरासमोर मांडून बसायचा. तिथलं घरभाडं, इथलं घरभाडं. तिथलं दूध, इथलं दूध. बसचा पास, विजेचं बिल, केस कापायचे दर. तिथं आधीच जाऊन राहिलेल्या एका मित्राला त्यानं फोन करकरून भंडावून सोडलं होतं. मित्र बिचारा भला. कांदे कितीला मिळतात, ते सुद्धा दुकानातून फोटो काढून पाठवायचा.

ठकीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. खुर्चीतल्या माणसाच्या नाकावर भिंगं बदलत दिवसभर "हे बरं की मघाचं बरं?" विचारून तिचा जीव मेटाकुटीला आलेला असायचा. घरी येऊन पुन्हा तेच ऐकायचं म्हणजे अतीच झालं. एके दिवशी ती वैतागून म्हणाली, "अरे, आकड्यांवरून काय डोंबल कळणार? महिनाभर तसं राहून बघितल्याशिवाय काही खरं नाही."

तो एकदम ताठ बसला. "मग राहून बघू या की!"

"कुठं?"

"इथंच. याच घरात, पण तिथल्यासारखं. गाडी बंद, मीही बसनं जायचं. इस्त्रीवाला बंद. बाहेरचं खाणं बंद. केस घरी कापायचे. ठकी शाळा सुटल्यावर पाळणाघरात. आणि..." तो जरा अडखळला. "मावशी बंद."

ठकी पोटात होती तेव्हापासून मावशी घरी कामाला येत होत्या. सकाळी स्वतःजवळच्या किल्लीनं दार उघडून आत यायच्या. केर, फरशी, भांडी, भाजी चिरून ठेवणं, दुपारी ठकीला शाळेतून आणून खाऊपिऊ घालणं आणि संध्याकाळी आईबाप घरी येईपर्यंत तिची बडबड ऐकणं, हे सगळं त्यांच्याकडं. ठकीच्या आईला त्या 'ताई' म्हणायच्या आणि वेळ पडली तर रागवायच्याही. "ताई, रिकाम्या पोटी चहा ढोसू नका, मग दुपारी डोकं धरून बसता." इमारतीतल्या आणखी तीन घरची कामं त्या करायच्या. ती सगळी ठकीच्या आईच्याच शब्दावर मिळालेली.

"मावशींना काय सांगायचं?" तिनं विचारलं.

"महिनाभर सुट्टी घ्या म्हणावं."

"का म्हणून विचारतील."

"सांग काहीतरी. फक्त परदेशाचं नाव काढू नकोस. त्या खालच्या काकूंकडं जातात. काकूंना कळलं की काकांना कळलं, आणि काकांना कळलं की ऑफिसात दवंडी."

यात तथ्य होतं. खालच्या मजल्यावरचे काका त्याच्याच कंपनीत हिशेबखात्यात होते. व्हिसा हातात पडण्याआधी साहेबांच्या कानावर गेलं असतं तर इथली नोकरी डळमळली असती, आणि तिथलीही अजून पक्की नव्हती. त्रिशंकू व्हायची वेळ.

सांगायचं काम अर्थातच तिच्या गळ्यात पडलं. तिनं आज नको, उद्या बघू असं करत ते लांबवलं. शेवटी एका सकाळी, दुकानात जायच्या घाईत, एक पाय चपलेत घातलेला असताना ती म्हणाली, "मावशी, उद्यापासून महिनाभर येऊ नका."

मावशींच्या हातात ओलं फडकं होतं. "बाहेरगावी चाललात का सगळी?"

"नाही, म्हणजे... असंच. जरा काम आहे. मी नंतर सांगते ना सगळं." तिनं पर्समधून पाकीट काढलं. त्यात महिन्याचा पूर्ण पगार होता. त्यावरून घरात वादही झाला होता. तिथं हा खर्च नसणार, मग इथं धरायचा कशाला, असं ठकीच्या बाबाचं म्हणणं होतं, आणि ती हट्टाला पेटली होती. पगार दिला की आपण कुणाचं वाईट केलं असं होत नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. "हे घ्या. अख्ख्या महिन्याचे आहेत."

मावशींनी पाकीट घेतलं. उघडून बघितलं नाही.

"आणि मावशी, किल्ली द्याल का? आमच्या येण्याजाण्याच्या वेळा बदलल्यात, दोघांना दोन लागतील."

हे सुद्धा खरंच होतं. किल्ली मावशींच्या स्वतःच्या खोलीच्या किल्लीबरोबर एका दोऱ्यात ओवलेली होती आणि गाठ जुनी, घट्ट बसलेली. त्यांनी ती नखानं उकरून बघितली, मग दातांनी सोडवली. किल्ली फडक्याला पुसून ओट्यावर ठेवली.

"माझं काही चुकलं का, ताई?"

"छे हो! काहीतरीच काय!" ठकीची आई हसली आणि बस चुकेल म्हणून पळाली. बस खरोखर चुकली असती. पण जिना उतरताना तिला आतून कळत होतं की आपण काही बससाठी पळत नाही आहोत.

तालीम सुरू झाली. पहिला आठवडा नुसता फजितीचा. ठकीच्या बाबानं आरशासमोर उभं राहून मशीननं स्वतःचे केस कापले आणि मागं तळहाताएवढा चट्टा पाडून घेतला, मग ऑफिसात टोपी घालून बसायला लागला. विचारलं तर डोकं दुखतंय म्हणायचा. पांढऱ्या सदऱ्यांबरोबर ठकीचा लाल मोजा धुतला गेला आणि सगळे सदरे गुलाबी झाले. ठकीला पाळणाघर आवडेना. तिथल्या बाईंना गोष्टी येत नाहीत, अशी तिची तक्रार. "मावशी कधी येणार?" हे ती दिवसातून इतक्यांदा विचारायची की बाबानं त्यावर बंदी घातली. मग ती ते बाहुलीला विचारायला लागली.

त्याच आठवड्यात, ठकीची आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढत होती, तेव्हा काकूंनी तिला गाठलं.

"काय गं, मावशींना काढलंत म्हणे? किल्लीसुद्धा काढून घेतलीत?"

"काढलं असं नाही, काकू..."

"मग? काही झालं का? आमच्याकडंही येतात म्हणून विचारते. आम्हांला कळायला नको?"

पिशव्यांचे बंद बोटांत रुतत होते. डोक्यात नवऱ्याची ती दवंडी घुमत होती. "आत्ता नाही सांगता येणार, काकू," ती म्हणाली, आणि कुणी ऐकू नये म्हणून तिचा आवाज आपोआप खाली आला. "नंतर सांगते."

काकूंनी डोळे बारीक केले, मान हलवली. "कळलं, कळलं. नको बोलूस. चांगली माणसं असंच झाकतात गं."

काकूंना काय कळलं, ते ठकीच्या आईला त्याच क्षणी नीट कळलं होतं. इतकं नीट, की उरलेला जिना ती भराभर चढून गेली. थांबून "तसलं काही नाही हो" म्हणायला एक श्वास पुरला असता. घरात शिरल्यावर तिनं पिशव्या ओट्यावर ठेवल्या, काकूंना काय, काहीही वाटतं, असं मनाशी म्हटलं, आणि भाजी धुवायला घेतली. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही.

पुढं पुढं हात बसला. बसच्या वेळा पाठ झाल्या. रविवारी सकाळी तिघं मिळून घर धुवायला लागले. ठकीला साबणाचं पाणी आवडायचं. महिना सरत आला तेव्हा ठकीचा बाबा कागद नाचवत आला. "जमतंय! अगं, सगळं जमतंय. वर थोडे शिल्लकही पडतील." टोपीखालचे केसही पुन्हा भरून आले होते. त्यानं तिला उचलून गरकन फिरवलं. तीही हसली. जमतंय याचा आनंद झालाच होता, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना तिला काकूंच्या दारात कुणी अनोळखी तरुण बाई उंबरा पुसताना दिसली. काकू मागंच उभ्या होत्या.

"काकू, मावशी आजारी आहेत का?"

"अगं, त्यांना मी कधीच बंद केलं. तू म्हणालीस तेव्हाच."

"मी? मी काय म्हणाले?"

"तोंडानं नसशील म्हणाली. पण तोंडावर दिसत होतं ना." काकूंनी आवाज खाली आणला. अगदी तिनं आणला होता तसाच. "वरच्या मॅडमनाही मी सांगून ठेवलं, कोपऱ्यातल्या आजींनाही. आपण एकमेकींना सांभाळून घ्यायला नको? किती गेलं गं तुमचं?"

काहीच गेलं नाही, असं ठकीची आई म्हणाली, पण आता ते काकूंना ऐकू जात नव्हतं. तिनं दुकानात फोन करून येत नाही म्हणून कळवलं आणि मावशींच्या वस्तीकडं जाणारी बस पकडली. इतक्या वर्षांत ती तिकडं कधी गेली नव्हती. विचारत विचारत खोली सापडली.

मावशी घरात होत्या. कामाच्या भर वेळेला त्या घरात बसलेल्या दिसल्या, तिथंच तिचा अर्धा धीर सुटला. खोली लख्ख होती. भांडी घासून उलटी घातलेली, अंथरूण घडी करून भिंतीशी लावलेलं, आणि त्यापुढं करायला काही उरलं नाही अशा मावशी खाटेच्या कडेला टेकलेल्या.

"या मॅडम," त्या उठून म्हणाल्या. "बसा."

मॅडम. वरच्या मजल्यावरच्या बाईंना त्या मॅडम म्हणायच्या. ठकीच्या आईनं बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच मावशी फळीकडं वळल्या होत्या. त्यांनी स्टीलचा एक डबा काढला, त्याच्यावर घडी केलेला एक टॉवेल, आणि दोन्ही तिच्यापुढं ठेवलं.

"हा डबा तुमचा. ठकीच्या वाढदिवसाला खाऊ भरून दिला होतात, परत द्यायचा राहून गेला. आणि हा टॉवेल. जुना झाला, न्या म्हणाला होतात. पण मला वाटलं, कोण जाणे, म्हणाला नसालही; मीच तसं धरून चालले असेन. मी रोज आठवून बघते. ठकीचं कानातलं हरवलं होतं मागं, ते पलंगाखाली सापडलं होतं ना? मी तुमच्या हातात दिलं होतं. दिलं होतं ना?"

"मावशी..."

"काय गेलंय ते एकदा सांगा, मॅडम. म्हणजे मला शोधता तरी येईल."

ठकीची आई खाली, फरशीवरच बसली. रडू आलं ते तिनं गिळलं. इथं आपण रडलो तर समजूत मावशींनाच काढावी लागेल, एवढं भान तिला होतं. तिनं सगळं सांगितलं. नवऱ्याची नोकरी, परदेश, तालीम, काका, ऑफिस. काही गेलं नव्हतं, कधीच काही गेलं नव्हतं.

"म्हणजे मी नसले तर भागतं का, ते बघायचं होतं," मावशी म्हणाल्या.

"हो. म्हणजे, तिथं तर..."

"मग? भागलं?"

विचारण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच उत्तर देणं अवघड होतं. ठकीची आई डब्याकडं बघत राहिली. "भागलं," ती म्हणाली. यापुढं आणखी एक खोटं तिच्याच्यानं झालं नसतं.

मावशींनी मान हलवली. "मला सांगितलं असतंत तर मी कुणाकडं बोलले असते का?"

"नाही."

"मग का नाही सांगितलंत?"

खरं उत्तर असं होतं की, तुम्हांला सोडून जाणार हे तुमच्या तोंडावर सांगायची मला हिंमत झाली नाही. आणि ते आता कुठल्या तोंडानं सांगणार?

"काकूंना तुम्ही काय सांगितलंत?" मावशींनी विचारलं.

"काही नाही सांगितलं. त्यांना जे वाटत होतं ते वाटू दिलं."

मावशी चहा ठेवते म्हणून उठल्या आणि गॅसपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. काडी पेटल्याचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळानं ठकीची आईच उठली. डबा आणि टॉवेल तिनं पुन्हा फळीवर ठेवला आणि निघाली.

इमारतीत परतल्यावर ती आपल्या घरी गेलीच नाही. आधी काकूंची बेल वाजवली. दारातच, मोठ्या आवाजात, एका दमात सगळं सांगून टाकलं. आम्ही परदेशी चाललोय, ते लपवायचं होतं म्हणून मी मावशींवर आळ येऊ दिला. त्यांनी एक चमचाही कधी उचललेला नाही.

"परदेशी!" काकूंचा चेहरा उजळला. "कुठं गं? पगार किती देणार? राहायला घर देतात का तेच?"

"काकू, मावशींचं..."

"हो, वाईट झालं बाई. पण ही नवी हाताला चांगली आहे. आता हिला कसं काढायचं?"

कोपऱ्यातल्या आजी ऐकून रडायलाच लागल्या. "माझं मन सांगत होतं गं," म्हणाल्या, आणि मावशींना उद्यापासून यायला सांग म्हणाल्या. वरच्या मॅडम 'बघू' म्हणाल्या. त्या 'बघू'चा अर्थ दोघींनाही माहीत होता.

ठकीच्या बाबाला तिनं तो घरी आल्या आल्या सांगितलं. तो टोपी हातात धरून तसाच उभा राहिला. "मला विचारायचं तरी होतंस!"

"विचारलं असतं तर तू थांब म्हणाला असतास."

"मग थांबायचं! आणखी पंधरा दिवसांचा प्रश्न होता. तोवर मावशींचं काय असं..." वाक्य अर्ध्यावरच टाकून त्यानं टोपी खुंटीला अडकवली.

व्हायचं ते झालं. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं, गोड बोलून नव्या इमारतीचं काम काढून घेतलं आणि जुन्या लिफ्टच्या दुरुस्तीवर नेमलं. पगारवाढीच्या यादीतून त्याचं नाव गेलं. तो धुमसत राहिला, बायकोशी कामापुरतं बोलायला लागला. मग एका संध्याकाळी, पुन्हा घरीच कापलेल्या केसांनिशी, तो कुणाला न सांगता एकटाच मावशींकडं जाऊन आला.

"काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

"मी म्हटलं, मावशी, चुकलं आमचं. त्या म्हणाल्या, साहेब, केस कुणी कापले?" त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यातच विरलं. "कामावर परत या म्हटलं, तर नको म्हणाल्या. एका हॉस्पिटलात धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायचं काम मिळालंय. म्हणाल्या, तिथं बरं आहे, तिथं कुणाच्या घरात शिरावं लागत नाही."

व्हिसा आला. उशिरा आला, पण आला. सामान विकायला काढलं. ठकीच्या आईनं मावशींना निरोप पाठवला की घरातलं हवं ते घेऊन जा, पलंग, पंखे, काहीही. त्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आल्या. ठकी त्यांच्या कमरेला जी मिठी मारून बसली ती सोडायला तयार होईना. मावशींनी तिला मांडीवर घेतलं, गोष्ट सांगितली, दोन्ही वेण्या उसकटून पुन्हा घट्ट घालून दिल्या. ठकीच्या आईशी नीट बोलल्या. विमान किती वाजता, तिथं थंडी फार का, पोरीला गरम कपडे घेतलेत का. सगळं विचारलं. ताई मात्र एकदाही म्हणाल्या नाहीत.

"काय काय नेताय?"

"मोठा कुकर द्या. बाकी काही नको."

"अहो, फ्रिज न्या ना. टेम्पो मी करून देते."

"कुकर पुरे. आणि एक चिठ्ठी लिहून द्या, मॅडम."

"चिठ्ठी?"

"हा कुकर तुम्ही दिलात म्हणून. पूर्ण नाव घाला, तारीख घाला, सही करा. राग मानू नका. तुम्ही लांब असाल, उद्या कुणी विचारलं तर मी कुणाकडं बोट दाखवायचं?"

ठकीच्या आईनं कागद घेतला. 'हा कुकर आम्ही आमच्या राजीखुशीनं' इथपर्यंत लिहिलं आणि तिला पुढचं अक्षर दिसेना. डोळे पुसून तिनं वाक्य पुरं केलं, सही केली. मावशींनी ओठ हलवत कागद सावकाश वाचला, चार घड्या घातल्या आणि मुठीत धरला. ठकीच्या गालावरून हात फिरवला, कुकर कमरेवर घेतला आणि निघाल्या.

दार लावता लावता तिला खाली काकूंच्या दाराची कडी वाजलेली ऐकू आली. पाठोपाठ काकूंचा आवाज. "अरे वा! कुकर का तो?"

ती तशीच अनवाणी खाली धावली. "मी दिलाय, काकू! मी दिलाय तो त्यांना!"

पण कागद तोवर काकूंच्या हातात गेला होता आणि काकू डोक्यावर, गळ्यात, सगळीकडं आपला चष्मा चाचपत होत्या.

"काकू, द्या तो इकडं. मी सांगतेय ना!"

"असू द्या, मॅडम," कुकर दुसऱ्या कमरेवर घेत मावशी म्हणाल्या. "वाचू द्या त्यांना."